कबुलीजबाबातला 'मी'

'कबुलीजबाब' हा दोन अरबी शब्दांचा जोडशब्द आहे. कबूल म्हणजे मान्य, जबाब म्हणजे उत्तर. बोलताना आपण सगळा भार 'कबूल'वर टाकतो, पण मला त्यातला 'जबाब' जास्त अडतो. उत्तर आहे म्हणजे आधी कुणीतरी प्रश्न विचारलेला असणार. कागद कोर्टात येतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा प्रश्न गळून गेलेला असतो आणि सलग बोलणारा एक 'मी' तेवढा उरलेला असतो. मी अमुक गावचा राहणार, मी तमुक तारखेला, मी स्वखुशीने आणि कोणत्याही दबावाशिवाय. स्वखुशीने बोलणारी माणसं 'स्वखुशीने' हा शब्द वापरत नाहीत, हे आपल्याला रोजच्या अनुभवातून ठाऊक असतं. तरी कागदावर आला की तो शब्द खपतो.

मी कायद्याचा माणूस नाही. पनवेलजवळ नेऱ्याला राहतो आणि सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक कमांड आहे, 'गिट ब्लेम'. फाईलमधली प्रत्येक ओळ कुणी लिहिली आणि कधी लिहिली, हे ती सांगते. नाव जरा भांडखोर आहे, पण काम साधं आहे. कबुलीजबाबांचा इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहिलं की या कागदांवर ही कमांड चालवता आली असती तर काय दिसलं असतं? प्रत्येक 'मी'पुढे कुणाचं नाव आलं असतं?

सुरुवात घराजवळूनच करतो. पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की शिरढोण येतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. १८४५ सालचा जन्म, आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, स्वतः पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. १८७६-७७च्या दुष्काळानंतर त्यांनी रामोशी आणि इतरांना जमवून दरोडे घातले, सरकार उलथायचं म्हणून. शाळेत आपण एवढं शिकतो. शाळेत न शिकवलेला भाग असा, की १८७९च्या एप्रिलमध्ये सगळं फसत चाललेलं असताना हा माणूस श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाकडे गेला आणि तिथे देह ठेवायच्या इराद्याने त्याने आपली हकीगत लिहून काढली. जोडीला रोजनिशीही होती. जुलैमध्ये मेजर डॅनियलने त्यांना विजापूरकडच्या देवर नावदगीत पकडलं. हे लिखाण सरकारच्या हाती पडलं आणि पुण्याच्या सेशन्स कोर्टात तोच त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरला. बचावाला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उभे होते. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. फडक्यांना एडनला पाठवलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तिथेच वारले. त्या लिखाणाचं इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांच्या पहिल्या खंडात छापलं.

मला त्या लिखाणात कुतूहल वाटतं ते अपराधी भावाचं. तो आहे, भरपूर आहे, पण सरकारला हवा तसा नाही. सरकारने ज्यासाठी खटला भरला त्याचा पश्चात्ताप त्यात नाही. ठरवलं ते तडीस गेलं नाही, याची टोचणी आहे. साथीदारांच्या लुटीच्या लोभाबद्दलची चीड आहे आणि देशबांधवांकडे मागितलेली क्षमा आहे. कोर्टाने त्या कागदातून गुन्ह्याची कबुली उचलली आणि बाकीचं बाजूला ठेवलं. कायद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हतं. लिहिताना शेजारी पोलीस नव्हता, प्रश्न विचारणारा नव्हता. इतक्या निखळपणे स्वतःचा असलेला 'मी' आपल्या खटल्यांच्या इतिहासात फारसा सापडणार नाही. पुढे १९६५ साली साहू खटल्यात सुप्रीम कोर्टाने असंही म्हटलं, की कबुली ऐकायला समोर कुणी असावंच लागतं असं नाही, माणूस स्वतःशी पुटपुटला तरी ती कबुली होऊ शकते. म्हणजे नाटकातलं स्वगत पुराव्यात चालतं.

पण त्याच वर्षी, त्याच फडक्यांच्या नावाने, दुसरा एक 'मी' टपालाने हिंडत होता.

१३ मे १८७९ला पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. बंड चालू होतं, त्यामुळे आगीचा संबंध लगेच बंडाशी जोडला गेला आणि पुण्यातल्या शिकलेल्या ब्राह्मणांवर सरकारची नजर गेली. त्या नजरेत सगळ्यात वर महादेव गोविंद रानडे होते. त्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली. पुढची हकीगत रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त (१९१०) सांगितली आहे. धुळ्याला रानड्यांचं टपाल वाटेत फोडून वाचलं जात असे. त्यातच बंडाचे बेत कळवणारी, वासुदेव बळवंतांच्या नावाची पत्रं येऊ लागली. रानडे ती पत्रं आली तशी पोलिसांकडे पाठवून देत. काही महिन्यांनी तिथल्या असिस्टंट कलेक्टर पोलनने त्यांच्याविषयीचा संशय फिटल्याचं सूचित केलं.

रानड्यांनी एखादं पत्र फाडून टाकलं असतं, चुलीत घातलं असतं, नुसतं खणात ठेवलं असतं, तर काय झालं असतं? त्यांना काही लिहायची, बोलायची गरजच नव्हती. पत्र घरात सापडलं की कबुली झालीच. रानडे स्वतः न्यायाधीश होते आणि पुरावा कसा जमवला जातो हे रोज पाहत होते, म्हणून ते वाचले असं मला वाटतं. पत्र आल्यावर घाबरणं हा साध्या माणसाचा धर्म आहे आणि घाबरलेला माणूस कागद लपवतो.

या हकीगतीमुळे मला तळोजा जेलची आठवण होते. तेही आमच्याच पनवेल तालुक्यात. भीमा कोरेगाव प्रकरणातले बरेच आरोपी तिथे वर्षानुवर्षं होते. त्या खटल्यातला मोठा पुरावा म्हणजे रोना विल्सन यांच्या लॅपटॉपवर सापडलेली पत्रं. 'आर्सेनल' या अमेरिकी फॉरेन्सिक कंपनीने बचाव पक्षासाठी त्या हार्ड डिस्कची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालानुसार 'नेटवायर' नावाच्या मालवेअरमधून बावीस महिने त्या लॅपटॉपचा ताबा दुसऱ्याच कुणाकडे होता, दहा पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली आणि ती लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूण नाही. एनआयएला हे मान्य नाही. विल्सन यांना जानेवारी २०२५मध्ये हायकोर्टाने जामीन दिला. गुन्हा झाला की नाही, ते खटल्यात ठरायचं आहे. मी इथे फक्त कारागिराच्या नजरेने बोलतो. रानड्यांकडे पत्र आलं तेव्हा निदान लिफाफा दिसत होता. लपवलेल्या फोल्डरमधली, कधीच न उघडलेली फाईल पोलिसांकडे नेऊन द्यायची सोय कुणालाच नसते.

आता थोडं मागे जाऊ, कारण पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही हा नियम आपल्याला इतका सवयीचा झालाय, की तो का आला हे विसरायला होतं.

मराठेशाहीत वतनाचे तंटे चालत, त्यांच्या कागदांचा अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केला आहे. दोन्ही पक्ष आधी 'राजीनामा' देत. म्हणजे नोकरी सोडत नव्हते, जो निवाडा होईल तो राजीखुशीने मान्य आहे असं लिहून देत. मग तकरीर, साक्षी, आणि त्यानेही मिटलं नाही तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची आणि काही दिवसांनी सोडून पाहायचा. हात भाजला तर खोटा. शेवटी हरलेल्याने 'यजितखत' लिहून द्यायचं, की माझा दावा खोटा होता, यापुढे बोलणार नाही.

यजितखत मला फार प्रामाणिक कागद वाटतो. त्यात खरं असेलच असं नाही. खऱ्या वतनदाराचाही हात उकळत्या तेलात भाजतोच आणि मग त्यालाही 'मी खोटा' असं स्वतःच्या नावाने लिहून द्यावं लागतं. प्रामाणिक अशासाठी, की तो निवाड्यानंतर येतो आणि पुरावा असल्याचा आव आणत नाही. ती निवाड्याची पावती असते. आधुनिक कबुलीजबाबाची अडचण इथेच आहे. तो निवाड्याआधी, पुरावा म्हणून येतो, पण पुष्कळदा असतो पावतीच. तपास करणाऱ्याच्या मनातला निवाडा आधी झालेला असतो आणि आरोपीने फक्त खाली सही करायची असते.

तेंडुलकरांनी 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) हे अचूक पकडलंय. चोरीचा आळ आलेला ब्राह्मण नाही म्हणतो, त्याच्या हातावर तापलेला गोळा ठेवला जातो, आणि अखेर तो चोरी कबूल करतो. प्रेक्षकांतल्या कुणालाच तो चोर वाटत नाही. मला वाटतं घाशीरामालाही वाटत नसावा. इतिहासातल्या घाशीराम सावळदासाचा शेवटही चोरीच्या आळापासूनच सुरू झाला. बागेतली फळं चोरल्याच्या संशयावरून दक्षिणेकडून आलेल्या ब्राह्मणांना अरुंद जागेत कोंडलं, त्यातले बरेच गुदमरून मेले, आणि ३१ ऑगस्ट १७९१ला पुण्याच्या जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचून मारलं. नाना फडणविसांच्या राज्यात कबुलीचा हिशोब असा रस्त्यावर चुकता झाला.

इंग्रज आल्यावर दिव्य गेलं, कबुलीची हाव गेली नाही. १८३०च्या दशकात ठगांचा बंदोबस्त झाला तो मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर. १८३६च्या कायद्याने तर अमुक गुन्हा केला हे सिद्ध करायचीही गरज ठेवली नाही. ठगांच्या टोळीतला आहे एवढं पुरे. त्याच जबान्यांच्या जगातून फिलिप मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) निघाली. टेलर निजामाच्या नोकरीतला अधिकारी. पुढे आपल्या नळदुर्गातही राहिला. कादंबरीत अमीर अली नावाचा ठग साहेबापुढे बसून आपली कहाणी सांगतो. 'मी' अमीर अलीचा, लेखणी साहेबाची, भाषा इंग्रजी. लंडनच्या वाचकाला ती खरीच वाटली आणि हिंदुस्थानातले ठग म्हटलं की आजही तीच आठवते. कादंबरीला हा हक्क आहे. पण १८७१च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टने आख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, तेव्हा त्यामागेही हीच कल्पना होती, की यांची कबुली यांच्या वतीने आपणच लिहून ठेवलेली बरी. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) पोलीस घरी येतात ते प्रसंग म्हणून येत नाहीत. ते पावसाळ्यासारखे येतात.

सरकारला स्वतःच्याच पोलिसांची भीती वाटावी असा कागद १८५५मध्ये मद्रासला तयार झाला. महसूल वसुलीसाठी आणि कबुलीसाठी होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा तो अहवाल. त्यानंतर १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांसमोरची कबुली पुराव्यातून बाद झाली आणि १८७२च्या पुरावा कायद्यात ती कलम २५ आणि २६ म्हणून कायम झाली. तो कायदा रचणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने पुढे एक किस्सा नोंदवला आहे. पोलीस छळ का करतात, असं विचारल्यावर एका अनुभवी अधिकाऱ्याने उत्तर दिलं, की आळसापोटी. पुराव्यासाठी उन्हातान्हात कोण हिंडणार, त्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळलं की झालं. क्रौर्यापेक्षा आळस हे कारण मला जास्त पटतं, आणि जास्त भीतिदायकही वाटतं.

स्टीफनने मागचं दार मात्र उघडं ठेवलं. कलम २७. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. 'चाकू लपवलेली जागा दाखवतो' असं म्हणत आरोपी पंचांना घेऊन जातो, ते पंचनामे आपल्या प्रत्येक खुनाच्या खटल्यात असतात. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तिन्ही कलमं मिळून कलम २३ झाली आहेत. आकडा बदलला, दार तेच आहे.

छळाशिवायही माणूस न केलेला गुन्हा कबूल करतो, हे एकोणिसाव्या शतकातल्या कायदेपंडितांपेक्षा दोस्तोयेव्हस्कीला चांगलं कळलं होतं. 'गुन्हा आणि शिक्षा'मधला रंगारी मिकोल्का कुणी न मारताच खून अंगावर घेतो, कारण त्याला दुःख भोगायचं असतं. तपास अधिकारी पोर्फिरी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. खरा माणूस कोण, हे त्याला ठाऊक आहे आणि आयती कबुली मिळूनही तो फाईल बंद करत नाही. असा पोर्फिरी प्रत्येक चौकीला मिळत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणात १९८९ साली पाच किशोरांना तासन्‌तास प्रश्न विचारून कबुल्या घेतल्या. त्यांचं एकमेकांशी जुळतही नव्हतं. २००२ साली खऱ्या गुन्हेगाराचा डीएनए जुळला आणि शिक्षा रद्द झाल्या. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के खटल्यांत खोटी कबुली होती, असा 'इनोसन्स प्रोजेक्ट'चा हिशोब आहे.

आणि आता महाराष्ट्र. १८७२ने जे बंद केलं ते दहशतीच्या काळात टाडाने उघडलं. १९९४मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्तार सिंग खटल्यात बहुमताने ते वैध ठरवलं. १९९५मध्ये टाडा गेला. १९९९मध्ये आपल्या राज्याने मोक्का आणला आणि त्याच्या कलम १८ने पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुन्हा ग्राह्य झाली. नंतर आलेला पोटाही २००४ साली रद्द झाला. मोक्का आहे. वरचा अधिकारी खालच्या शिपायासारखा वागणार नाही, हा त्यामागचा विश्वास. स्टीफनच्या किश्शातल्या आळसाला हुद्दा नसतो, एवढंच मी म्हणेन.

८ सप्टेंबर २००६ला मालेगावात कब्रस्तानाजवळ बॉम्ब फुटले. एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं, मोक्का लावला, कबुल्या नोंदल्या. २०१०च्या डिसेंबरात स्वामी असीमानंदांनी दिल्लीत मॅजिस्ट्रेटसमोर वेगळाच जबाब दिला, ज्यात याच स्फोटांसाठी दुसऱ्याच गटाकडे बोट होतं. पुढे त्यांनी तो जबरदस्तीने घेतल्याचं सांगून फिरवला. त्या नऊ जणांवरचे आरोप २५ एप्रिल २०१६ला विशेष कोर्टाने काढून टाकले, तोवर त्यांतला एक जण वारला होता. राजकारण बाजूला ठेवून नुसत्या तर्काने पाहा. एकाच स्फोटाच्या दोन कबुल्या, दोन वेगळे गट. दोन्ही खोट्या असू शकतात. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. म्हणजे निदान एक कागद असा आहे, ज्यातल्या 'मी'ने ते केलेलंच नव्हतं.

सगळ्याच कबुल्या अशा असतात असं नाही. कसाबने फेब्रुवारी २००९मध्ये मॅजिस्ट्रेटसमोर, मग जुलैत भर कोर्टात कबुली दिली आणि डिसेंबरात ती फिरवली. पण त्याच्या बाबतीत कॅमेऱ्यापासून साक्षीदारांपर्यंत इतकं होतं, की कबुली काढून घेतली तरी खटला उभा राहिला असता. माझ्या मते कसोटी हीच आहे. कबुली काढून पाहायची आणि मागे काय उरतं ते बघायचं.

११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात नेमकं हेच झालं. अकरा मिनिटांत सात स्फोट, पश्चिम रेल्वेचे फर्स्ट क्लासचे डबे, १८०हून जास्त माणसं ठार. सप्टेंबर २०१५मध्ये मोक्का कोर्टाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेराव्या आरोपीला, मुंबईतले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांना, सोडलं. त्यांनी पुढे 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं. २१ जुलै २०२५ला मुंबई हायकोर्टाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी बाराही जणांना निर्दोष ठरवलं. एक जण त्याआधीच, २०२१मध्ये, तुरुंगात करोनाने गेला होता. साक्षीदारांची उशिरा पटलेली ओळख, ओळखपरेडमधल्या चुका, जप्त मालाची नीट न केलेली मोहोर, असं बरंच त्या निकालात आहे. मला थांबवलं ते कबुलीजबाबांच्या भागाने. कोर्टाने वेगवेगळ्या आरोपींचे, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी नोंदवलेले जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचले. काही भाग एकमेकांवरून उतरवल्यासारखे सारखे निघाले. छळाच्या तक्रारीही वैद्यकीय कागदांच्या आधारे कोर्टाने गांभीर्याने घेतल्या.

शेजारी ठेवून वाचणं. आम्ही त्याला 'डिफ' म्हणतो, दोन फाईली देऊन फक्त फरक मागायचा. इंजिनिअरिंगच्या जर्नल तपासणाऱ्या प्रत्येक मास्तरला ही विद्या येते. दोन मुलांचं उत्तर सारखं आलं तर ते दोघं हुशार असू शकतात, पण स्पेलिंगची चूक सारखी आली तर एकाने दुसऱ्याचं उतरवलंय. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली ती याच कामाची थोरली बहीण. सुकथनकरांनी आणि नंतरच्यांनी देशभरातल्या पोथ्या शेजारी मांडून कोणती कुठून उतरली, हे शोधलं. तिथे त्या मेहनतीवर किती तरी वर्षं गेली, १९६६पर्यंत काम चाललं होतं. इथे कागद दहा-बारा होते आणि ते शेजारी मांडून त्यांचा असा निकाल लागायला अठरा-एकोणीस वर्षं लागली. खऱ्या माणसांना एकच घटना सांगायला लावा, ती क्रम चुकवतील, एखादं स्टेशन विसरतील, मध्येच आईच्या आजारपणाबद्दल बोलतील. सारखेपणा हा सत्याचा गुण नाही, हे लेखकांना ठाऊक असतं. कबुली उतरवणाऱ्याला वाटतं सारखेपणाने ती पक्की होते.

निकालात न्यायमूर्तींनी म्हटलंय त्याचा आशय असा, की गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा लोकांना दिलासा देतो आणि खरा धोका मोकळा ठेवतो. त्या डब्यांतून वाचलेली, माणसं गमावलेली कुटुंबं आहेत. कुणी केलं हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. २४ जुलै २०२५ला कोर्टाने सांगितलं, की सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही.

मोक्काच्या कलम १८मध्ये एक तरतूद आहे जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. कबुली लिहून घ्या किंवा यंत्रावर नोंदवा, कॅसेट, टेप, आवाज किंवा चित्र पुन्हा दाखवता येईल असं काहीही चालेल, असं तो कायदा १९९९ सालापासून सांगतो. दोन्ही रस्ते मोकळे आहेत, आणि कोणता धरायचा ते कबुली घेणारा अधिकारी ठरवतो.